विजापूरचे पाणी



रोमन साम्राज्य म्हटले की आपल्याला तलवारी व रथ आठवतात. परंतु ब्रिटनची सुभेदारी केलेल्या फ्राँटिनस या सरदाराला इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमले, तेव्हा त्याने ते काम हलके मानले नाही. कालवे मोजले, नळांची मापे लिहून काढली, चोरून जोडलेले नळ शोधले आणि या साऱ्यावर ग्रंथ लिहिला. लाखो माणसे एका शहरात राहायची तर पाणी आधी हवे, हे त्या राज्यकर्त्यांना कळत होते.

आपले मिरज ज्या आदिलशाहीत होते, तिलाही ते कळले होते. विजापूर हा कोरडा मुलूख. तेथील सुलतानांनी पश्चिमेकडील तोरवीहून भुयारी मार्गाने आणि दक्षिणेकडील बेगम तलावातून मातीच्या नळांनी शहरात पाणी आणले. हे नळ चुनेगच्ची बांधकामात घट्ट बसवलेले असत. आता अडचण पाहा. पाणी उंचावरून खाली येताना नळातला दाब वाढत जातो आणि मातीचा नळ फुटतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे बांधले. त्यांना ‘गंज’ म्हणतात. नळातले पाणी गंजात चढे, तेथे दाब मोकळा होई, गाळ तळाशी बसे आणि स्वच्छ पाणी पुढे जाई.

हे समजायला मोठी विद्या लागत नाही. आपल्यातले कितीतरी पालक गवंडीकाम करतात. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन भिंतींना लावून ते पातळी काढतात. गंजात पाणी चढते ते त्याच नियमाने. मुलांनो, विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा तुमच्या वडिलांच्या पिशवीत आहे. एकदा त्यांना विचारा तरी! आणि पालकांनो, ‘मी अडाणी, मला काय विचारतोस’ असे म्हणून मुलाला परत पाठवू नका.

विजापूरची मुलूखमैदान तोफ सर्वांना माहीत असते. सुमारे ५५ टनांची ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचे नाव महंमद बिन हुसेन रूमी. ‘रूमी’ म्हणजे रूमचा, तुर्की मुलखातला. आणि रूम हा शब्द रोमवरूनच आलेला. दूर देशीच्या कारागिराला दख्खनच्या सुलतानांनी मान दिला व त्याचे नाव तोफेवर कोरू दिले. आपण मात्र फक्त कारकुनीलाच नोकरी समजतो, ही गोष्ट मला खटकते.

१६८६ मध्ये विजापूर पडले. तोफांचे दिवसही पुढे संपले. मिरजेतल्या शिकलगारांचे हत्यारांचे काम घटले, तेव्हा त्यांनी तोच हात, तीच नजर भोपळ्याकडे व लाकडाकडे वळविली. फरीदसाहेबांच्या पिढीपासून येथे तंबोरे आणि सतारी घडू लागल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचे नाव देशभर ज्यांच्यामुळे झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे पदवी नव्हती. पण मापात चूक नव्हती.

शाळांच्या सहली विजापूरला जातात. गोलघुमटात सारी मुले ओरडून प्रतिध्वनी ऐकतात (शिक्षकही ओरडतात), आणि गंजाजवळून बस सरळ निघून जाते. यंदा तेथे बस थांबवावी. मुलामुलींनी आपल्या काठीची सावली मोजावी, गंजाची सावली मोजावी आणि समरूप त्रिकोणांवरून त्याची उंची काढावी. सहलीचा निबंध नाही आणला तरी चालेल. वहीत तो आकडा आणावा.