चार पर्याय आणि एक उत्तर

भिलाई हे नाव उच्चारले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्गशेजारच्या माळावर आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांचे एक नवे नगर वसले. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. तेव्हा विदर्भातील मराठी माणसांनीही येथे संसार थाटले यात नवल नाही. परंतु गेल्या काही दशकांत भिलाईची आणखी एक ओळख झाली आहे. ती म्हणजे प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे गाव. कारखान्यात पाळी करणाऱ्या वडिलांचा मुलगा संध्याकाळी शिकवणीला जातो, आणि घरातील सगळी बोलणी पुढच्या परीक्षेभोवती फिरू लागतात. २०१६ साली तर भिलाईच्याच नावाची आयआयटी स्थापन झाली.

या मुलांपुढे जो प्रश्न येतो, तो बहुतांशी चार पर्यायांचा असतो. त्याला सामोरे कसे जावे, याविषयी मी आज बोलणार आहे.

जुन्या वळणाच्या शिक्षकांना या प्रश्नपद्धतीविषयी फारसे प्रेम नाही. सिद्धता न मांडता, युक्तिवाद न करता नुसती एक खूण करायची, ही काय परीक्षा झाली, असे ते विचारतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. उत्तर ओळखणे आणि उत्तर घडविणे या दोन निराळ्या शक्ती आहेत, आणि पहिलीवरून दुसरीची पारख पुरती होत नाही. पण ही पद्धत आली ती गरजेपोटी. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास अशी चाचणी तयार केली, तेव्हा एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत ही विसंगती त्यांना टाळायची होती. पुढे पहिल्या महायुद्धात लक्षावधी सैनिकांची चाचणी याच रीतीने घेण्यात आली. आपल्याकडेही आयआयटीची प्रवेशपरीक्षा २००६ पासून पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली. लाखो उमेदवार आणि थोड्या जागा असे प्रमाण असेल, तेथे दुसरा मार्ग सुचविणे सोपे नाही. तेव्हा या परीक्षेला नाक मुरडण्यापेक्षा तिचा स्वभाव जाणून घेणे बरे.

तिचा स्वभाव कळतो तो गुणांच्या हिशेबातून, आणि हा हिशेब प्रत्येक परीक्षेत वेगळा असतो. महाराष्ट्राच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला दंड नाही. तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे टाकून देणे होय. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण वजा होतात. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने लाभही नाही आणि हानीही नाही, असा तो काटा बरोबर जुळविलेला आहे. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण जातो. येथे निव्वळ अंदाजपंचे उत्तरालाही सरासरीने पाव गुणाचा लाभ आहे.

हे ऐकून एखादा विद्यार्थी म्हणेल, मग सगळेच ठोकून देऊ! त्याने थोडे थांबावे. सरासरी ही पुष्कळ माणसांची असते, आणि परीक्षेला बसतो तो एकटा. समजा, त्याने २० प्रश्न आंधळेपणाने सोडविले. सरासरी लाभ ५ गुणांचा. परंतु असे करणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे २२ जण तोट्यात जातील, आणि आणखी १९ जणांच्या पदरी शून्य पडेल. पाच गुणांच्या आशेने इतकी जोखीम घ्यावी काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल तर मी घेणार नाही.

चित्र पालटते ते एखादा पर्याय निश्चितपणे खोडता आला की. जेईई मेनच्या हिशेबात एक पर्याय बाद झाला तर सरासरी लाभ पावावरून सुमारे दोन तृतीयांश गुणावर जातो. दोन बाद झाले तर दीड गुणावर. आयोगाच्या परीक्षेतही, जो काटा शून्यावर होता तो एक पर्याय खोडताच उमेदवाराच्या बाजूला झुकतो. म्हणजे अर्धवट ज्ञानालाही येथे मोल आहे. उत्तर कोणते हे ठाऊक नसेल, पण कोणते असू शकत नाही हे ठाऊक असणे, हेही ज्ञानच आहे. यालाच काही लोक तुक्का म्हणतात, ते मला मान्य नाही.

उदाहरण भिलाईचेच घेऊ. येथून २६० मीटर लांबीचे रूळ रेल्वेकडे पाठविले जातात. असा प्रश्न आला की, तापमान ३० अंशांनी वाढले तर हा रूळ किती लांबेल. आणि पर्याय आहेत ०.९४ मिलिमीटर, ९.४ मिलिमीटर, ९.४ सेंटिमीटर व ९४ सेंटिमीटर. घाबरलेला मुलगा लगेच गुणाकाराला लागतो. शांत मुलगा आधी पर्यायांकडे पाहतो. चारही ठिकाणी आकडे तेच आहेत, फक्त दशांश चिन्ह हलले आहे. म्हणजे परीक्षकाला केवळ परिमाण विचारायचे आहे. पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या एक लक्षांशाहून थोडे अधिक वाढते. ३० अंशांना दहा हजारांत तीन भागांहून थोडे जास्त. २६० मीटरचे तितके भाग म्हणजे आठ सेंटिमीटरांच्या थोडे वर. उत्तर तिसरे. कागदाला पेन्सिल लागली नाही, आणि तरी यात लबाडी कसली? कारखान्यातला अभियंताही प्रथम असाच विचार करतो.

हे मात्र खरे की परीक्षकही आता सावध झाले आहेत. 'नेहमी' किंवा 'कधीच नाही' असे शब्द असलेला पर्याय बहुधा चुकीचा असतो, ही शाळेतील युक्ती मोठ्या परीक्षांत फारशी चालत नाही. लोकसेवा आयोगाने २०२३ मध्ये कितीतरी प्रश्नांत 'केवळ एक', 'केवळ दोन', 'तिन्ही' असे पर्याय दिले, त्यामुळे एक विधान खोडून उत्तरापर्यंत पोचण्याची वाट अरुंद झाली. 'काहीच सुचले नाही तर क' ही म्हण तर जेईईच्या संगणकावर निरर्थक आहे, कारण तेथे पर्यायांचा क्रम उमेदवारागणिक बदलतो.

आणखी एका समजुतीविषयी बोलतो, कारण ती घरोघर सांगितली जाते. पहिले सुचलेले उत्तर बदलू नये, असे वडीलधारी माणसे बजावतात. क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठातील दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीकडून बरोबरकडे गेली होती, २५ टक्के बरोबरकडून चुकीकडे. मग समजूत उलटी का? कारण हातचे बरोबर उत्तर बदलून गमावल्याची हळहळ मनात घर करते, आणि बदलून मिळालेला गुण कोणाच्या लक्षातही राहत नाही. सबळ कारण सापडले तर उत्तर जरूर बदलावे. नुसती धडधड हे काही कारण नव्हे.

वेळेचे गणित थोडक्यात सांगतो. २०२५ च्या नीट परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती, त्यातच कागदावरील वर्तुळे काळी करायची. एक अवघड प्रश्न सोडून पुढे जाताना उत्तरपत्रिकेवरील ओळही सोडायला विसरले, तर पुढची सारी उत्तरे एकेक घर सरकतात. म्हणून दर दहा प्रश्नांनंतर प्रश्नाचा आणि ओळीचा क्रमांक ताडून पाहण्याची सवय घरच्या सरावातच लावावी.

या सरावाविषयी पालकांना एक विनंती आहे. सराव परीक्षेनंतर मुलाला 'किती गुण पडले?' एवढेच विचारून थांबू नका. चुकलेल्या प्रश्नांच्या तीन याद्या त्याला करू द्या: जे मुळात येतच नव्हते ते, जे येत असूनही घाईने वाचले ते, आणि जेथे जोखीम घेतली ते. पहिल्या यादीला अभ्यास हवा, दुसरीला झोप. तिसऱ्या यादीशेजारी, जोखीम घेऊन जे बरोबर आले तेही त्याला मांडू द्या, आणि बेरीज त्याची त्यालाच करू द्या.