रक्त आधीच पिशवीत असावं लागतं

बाळंतपणानंतर माझ्या आपाचा रक्तस्राव थांबेना. आम्ही भाऊ रक्त द्यायला दवाखान्यात उभे होतो. पण आमचं रक्त लगेच चढवता येणार नव्हतं. आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिस, मलेरियाची तपासणी होते. आपा वाचली ती कुणीतरी आधीच देऊन ठेवलेल्या रक्तामुळे. त्याचं नाव, धर्म आम्हाला आजही ठाऊक नाही.

संग्रामपूरच्या तरुणांनो, वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि तब्येत ठणठणीत असेल तर फोनची वाट पाहू नका. पुरुषांना ३, स्त्रियांना ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. म्हणून एकाच दिवशी गर्दी नको. वर्षभर आळीपाळीने देऊ या.