तारखांची तुलना



मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातील पत्रे १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त प्रसिद्ध केली. अशा जुन्या पत्रांवर पुष्कळदा मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा असे, सन नसे. सन असलाच तर तो बहुधा सुहूर, आणि त्याचा आरंभ मृगाला. दोन पत्रांपैकी आधीचे कोणते, हे सांगण्यापूर्वी दोन्ही मित्या एका गणनेत आणाव्या लागत, मगच तुलना.

आज सातारा-सांगलीच्या शाळांतून मुलांच्या जन्मतारखा संगणकात भरल्या जातात, आणि अडचण तीच आहे. यंत्राला तारीख म्हणून न सांगता नुसता मजकूर म्हणून ती दिली, तर ते डावीकडून एकेक अक्षर जुळवीत जाते. ०९-१०-२०१८ आणि ११-०२-२०१७ यांत त्याला पहिली तारीख आधीची वाटते, कारण शून्य हे एकाच्या आधी येते. धाकटा मुलगा थोरला ठरतो! वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०१७-०२-११ असे लिहिले, की हा घोटाळा मिटतो. मात्र महिना नेहमी दोन अंकी हवा. नुसता ९ लिहिला तर तो १० च्या पुढे जाऊन बसतो.

वेळेचा घोटाळा याहून फसवा आहे. पुष्कळ संगणक-प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद जागतिक वेळेने मोजतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. येथील मध्यरात्र म्हणजे तेथे आदल्या दिवसाचे सायंकाळचे साडेसहा. जन्मतारखेला मध्यरात्रीची वेळ जोडून ती साठविली आणि परत वाचताना हा फरक विसरला, तर १ जानेवारीस जन्मलेली मुलगी ३१ डिसेंबरची होते. वर्षही बदलते. प्रवेशाच्या वयाची मर्यादा त्याच दिवशी असेल, तर तिची इयत्ताच चुकते, आणि ती नोंद पुढे दाखल्यातून प्रमाणपत्रात जाते.

दाखल रजिस्टरात जन्मतारीख अंकी व अक्षरी लिहिण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडते. ‘एक जानेवारी’ हे शब्द कोणतेही यंत्र मागे ढकलीत नाही. यादी छापून आली, की वर्षाच्या सीमेवरील नावे या अक्षरी नोंदीशी आधी ताडावीत.