घरासाठी वसाहत निवडताना



सामान्य कुटुंब आयुष्यात एकदाच घर बांधते. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई ह्या गावांच्या वेशीबाहेर उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींत शिक्षक, लहान पगाराचे कर्मचारी आणि मुलांच्या शिक्षणासाठी खेडे सोडून आलेले शेतकरी मोठ्या संख्येने राहतात. भविष्यनिर्वाह निधी, विकलेल्या शेताचे पैसे आणि वर काढलेले कर्ज एवढे सारे त्या घरात गुंतलेले असते. म्हणून जागेची निवड केवळ भाव आणि रस्ता पाहून करणे परवडणारे नाही.

पहिला विचार पुराचा करावा. बिंदुसरा नदी बीड शहरातून वाहते. वर्षातील पुष्कळ दिवस तिचे पात्र कोरडे दिसते आणि काठची जमीन घरासाठी मोकळी वाटते. परंतु जुलै १९८९ मध्ये ह्याच नदीच्या पुराने शहरातील वस्त्यांची भयंकर हानी केली. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची तांबड्या रेषेने दाखविली जाते. निळ्या रेषेच्या आत घर बांधूच नये. तांबड्या रेषेच्या आत निर्बंध पाळूनच बांधावे. जेथे अशा रेषा आखलेल्या नाहीत, तेथील ओढ्याचे पाणी कोठवर येते हे जवळच्या वृद्धांना विचारावे.

दुसरा विचार पिण्याच्या पाण्याचा. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळी बीडजवळ खजाना विहीर बांधली गेली. वस्तीचा विचार पाण्यापासून सुरू होतो, हे त्या काळच्या लोकांनी जाणले होते. आज बीड शहराला बिंदुसरा व माजलगाव ह्या धरणांचे पाणी मिळते. मात्र शहराला पाणी आहे म्हणून वसाहतीतही नळ आहे, असे होत नाही. जलवाहिनी कोठपर्यंत आली आहे, पाणी किती दिवसांआड सुटते आणि उन्हाळ्यात टँकर लागतो काय, हे मे महिन्यात स्वतः जाऊन पाहावे. श्रावणात भरलेली कूपनलिका पाहून सौदा करू नये. २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण जाणताच.

जमिनीचा पोतही पाहावा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया घेतल्यास भिंतींना तडे जातात. खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे आणि पायाचा खर्च जागेच्या किमतीत धरूनच भावाची तुलना करावी. स्वस्त जागा पुष्कळदा येथेच महाग पडते.

ह्यानंतर कागदपत्रे. सातबारावर भोगवटादार वर्ग-२, देवस्थान इनाम किंवा वक्फ अशी नोंद असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीची खात्री होईपर्यंत इसारही देऊ नये. रेखांकन मंजूर आहे काय आणि त्यात रस्ते, गटारे व मोकळी जागा दाखविली आहे काय, हे मूळ नकाशावरून तपासावे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंद होय. तो मालकीहक्काचा पुरावा नव्हे. गुंठेवारीने झालेली बांधकामे नियमित करण्यासाठी शासनाने २००१ मध्ये कायदा केला. परंतु पुढे केव्हातरी नियमित होईल ह्या भरवशावर आज अनधिकृत तुकडा घेणे म्हणजे कुटुंबाची पुंजी अनिश्चिततेवर लावणे होय.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर-बीड रेल्वेसेवा सुरू झाली. अशा वेळी भविष्यातील भावाचे आमिष दाखविले जाते. घर मात्र आजच्या गरजेसाठी असते. शाळा मुलांना चालत जाण्याजोगी आहे काय, रात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेता येईल काय, ह्या प्रश्नांची उत्तरे नकाशावरील नियोजित रस्त्यांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष असलेल्या रस्त्यावरून द्यावी.

पंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. शहरालगतच्या गावात कोणती रेखांकने मंजूर आहेत, ह्याची यादी कार्यालयाच्या फलकावर लावा. शिक्षकांनी ती पालकांना वाचून दाखवावी आणि अधिकाऱ्यांनी ती अद्ययावत ठेवावी. एकदा पैसे दिल्यावर सल्ला निरुपयोगी ठरतो. तो सौद्यापूर्वी मिळाला, तरच एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई वाचेल.