पाण्याचा दिवस

(१९८६ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘आपलं सोलापूर : काल, आज आणि उद्या’. कालचं सोलापूर तुम्हा सगळ्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे आणि उद्याचं मला कळत नाही. म्हणून मी आजच्याबद्दलच बोलणार आहे. तेही एका प्रश्नापुरतं. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तो प्रश्न येतो आणि प्रत्येक वेळी भांडण लावून जातो : सोलापुरात राहण्यासारखं काय आहे?

भूगोलाच्या बाई समोर बसल्यात. बाई, सातवीत तुम्ही ‘माझे शहर’ यावर वीस ओळी लिहायला लावल्या होत्या. मी लिहिलं होतं, सोलापूर हे कापडगिरण्यांचे शहर आहे, येथील चादरी प्रसिद्ध आहेत, येथे चार भाषा बोलल्या जातात. तुम्ही दहापैकी आठ दिलेत. दोन का कापले ते तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही. आता वाटतं, त्या वीस ओळींत इथं राहणाऱ्या माणसाबद्दल एकही ओळ नव्हती.

मी २९ वर्षं पुण्यात काढली. १९९२ मध्ये गेले आणि २०२१ मध्ये परत आले. गेले त्याचं कारण साधं होतं. वडील गिरणीत होते आणि गिरणीचं काही खरं नव्हतं. ज्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावायचे, तो एक दिवस वाजेल आणि एक दिवस वाजणार नाही असं चाललं होतं. पुढं तो बंदच झाला. १८७७ पासून ज्या शहराला गिरण्यांनी कामाला लावलं, तिथं आमच्या पिढीला शिकून करायचं काय हे सांगणारं कुणी नव्हतं. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं आता रिक्षावाल्याला पत्ता सांगायच्या कामाची उरली आहेत.

माझ्यासारखे किती गेले ते जनगणनेत शोधायला गेलं तर हाती एक आकडा लागतो. २००१ मध्ये सोलापूर शहराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती, २०११ मध्ये ९ लाख ५१ हजार. दहा वर्षांत ऐंशी हजारांच्या आत वाढ. त्याच दहा वर्षांत पुणे महापालिकेच्या हद्दीत पावणेसहा लाखांहून जास्त माणसं वाढली. त्यातली काही आपलीच, इथं मागच्या रांगेत बसलेली. ती हसतायत बघा. पहाटे पुण्याला जाणाऱ्या गाडीचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस आहे. गावासाठी जे चौघे फासावर गेले त्यांच्या नावाची गाडी, आणि तिच्यातून आपली पोरं गाव सोडून जातात. असो.

आता पुण्याबद्दल. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १११ शहरांची यादी काढली, राहायला कुठलं शहर किती सुसह्य आहे याची. ७८ निकष लावले होते. पुणे पहिलं आलं. त्या दिवशी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमध्ये पावणेदोन तास बसून घरी पोचले, तर सोसायटीच्या फाटकावर टँकर उभा होता आणि वॉचमन सांगत होता की आज आठनंतर पाणी बंद. मी पहिल्या नंबरच्या शहरात राहते हे मला मोबाइलवर वाचून कळलं. पुण्याची निंदा करायची म्हणून हे सांगत नाही. पुण्यानं मला पगार दिला, माझ्या मुलीला शिकवलं, रात्री दहाला एकटीनं रस्त्यानं चालत यायची सवय दिली. हे सोलापूर मला देऊ शकलं नसतं. पण ७८ निकषांत एक निकष नव्हता : तुमच्या दारावर कोण थाप मारतं.

आई पडली म्हणून मी परत आले. त्याआधी तिला दोनदा पुण्याला नेलं होतं. दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात ती पिशवी भरून दारात उभी. म्हणाली, “दिवसभर कुणाशी बोलू? लिफ्टशी?” यजमान निवृत्त झाले होते, मुलगी बाहेर. तेव्हा आम्हीच इकडं आलो, साखर पेठेच्या अलीकडं, त्याच जुन्या घरात.

आणि आल्या आल्या पाण्यानं धरलं.

इथं राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. चौथ्या दिवशी, कधी पाचव्या दिवशी येतं. शंभर किलोमीटरच्या वर अंतरावर उजनी आहे. ११७ टीएमसीचं धरण. तिथून जलवाहिनीनं पाणी येतं, टाकळीला भीमेतून उचललं जातं आणि थोडं हिप्परग्याच्या तलावाचं. भीमेत टाकळीपर्यंत पाणी पोचवायचं म्हणजे धरणातून नदीत सोडायचं, आणि ते वाटेत मुरत, उन्हानं उडत, शेतीच्या मोटारींना चुकवत खाली यायचं. प्यायला घागर हवी म्हणून हौद सांडायचा, असा हा प्रकार. उन्हाळ्यात ‘उजनी मायनस’ अशी बातमी आली की शहराच्या पोटात गोळा येतो. आणि ज्या जिल्ह्यात पाण्याची ही गत, त्याच जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत. इथं बसलेल्या निम्म्या लोकांचा ऊस आहे, माझ्या मामांचाही आहे, त्यामुळं याच्यावर मी जास्त बोलत नाही. पण बाई, वीस ओळींत हे यायला हवं होतं.

पाणी चार दिवसांनी येतं म्हणजे घरात फक्त पिंपं वाढतात असं नाही. पाण्याच्या दिवशी घरात कुणीतरी थांबावंच लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बाई. ती नोकरीवर उशिरा जाते किंवा नोकरीच धरत नाही. शाळेतली पोरगी त्या दिवशी पहिला तास बुडवते. पाणी रात्री दोनला आलं तर दोनला उठायचं. माझ्या आईनं आयुष्यातली किती तास झोप नळापाशी घालवली याचा हिशोब मी एकदा मांडायला घेतला. मी हिशोबाच्याच खात्यात होते. मग तो कागद बाजूला ठेवला. पुढं बघवेना.

आता माझी एक चूक सांगते. मी पुण्याहून आले ती शहाणपणा घेऊन आले. पहिल्याच महिन्यात नळाला थेट मोटर बसवली. बटण दाबलं की अर्ध्या तासात टाकी फुल्ल. मला वाटलं, हे आईला तीस वर्षं का सुचलं नाही? तिसऱ्या पाळीला पलीकडच्या अक्का आल्या. अक्का पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात, आयुष्यभर विड्या वळल्या. त्या भांडल्या नाहीत. आत येऊन आईजवळ बसल्या, चहा घेतला आणि जाताना मला म्हणाल्या, “ताई, तुमची मोटर चालू झाली की खालच्या कडेच्या घरात करंगळीएवढं पण येईना. तिथं बाळंतीण आहे की.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतारावरच्या शेवटच्या घराचं पाणी मी ओढत होते आणि मला ते माहीतच नव्हतं. पुण्यात माझ्यामुळं कुणाचं पाणी तुटत असेल तर ते मला कधी कळलंच नसतं, कारण तिथं चहा प्यायला कुणी आलं नसतं.

त्यानंतर गल्लीत ठरलं. पहिला पाऊण तास कुणीच मोटर लावायची नाही. एका मुलाच्या मोबाइलवरून पाणी आल्याचा निरोप जातो, आणि ज्यांच्याकडं मोबाइल बघणारं कुणी नाही त्यांच्या दारावर थाप पडते. मी झोपलेली असले तर अक्का आमचा नळ सोडून पिंप लावून जायच्या. आईच्या शेवटच्या वर्षात मी तिच्यासोबत दवाखान्यात असायचे तेव्हा चार महिने आमच्या घरात पाणी अक्कांनी भरलं. दवाखान्याच्या बाबतीत मात्र सोलापूर कमी पडलं नाही. धाराशिवहून, विजयपूरहून, कलबुर्गीहून लोक इथं उपचाराला येतात, आणि आम्ही घरापासून रिक्षानं दहा मिनिटांत पोचत होतो. पुण्यातली माझी मैत्रीण तिच्या सासऱ्यांना घेऊन तेवढा वेळ एका सिग्नलला थांबते.

पण मला इथं सावध राहायचं आहे. असं बोललं की टाळ्या पडतात, आणि मग आपण म्हणतो, बघा, सोलापूरची माणुसकी! मित्रांनो, नळाला पाणी यायला माणुसकी लागावी यात मिरवण्यासारखं काही नाही. अक्कांनी रात्री दोनला उठून आमचं पिंप भरलं. त्यांचं वय अडुसष्ट. आपलं शहर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसांत निवडलं गेलं. अक्कांना त्या रात्री झोप मिळाली असती तर मी त्या निवडीचं कौतुक जास्त मनापासून केलं असतं.

अक्कांची बहीण कुंभारीला राहते. विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये तिथं उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. तिच्या शेजारी रे नगर. १९ जानेवारी २०२४ ला तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. कॉम्रेड नरसय्या आडम यांनी त्यासाठी किती वर्षं घासली हे पूर्व भागात कुणालाही विचारा. मी अक्कांबरोबर दोनदा जाऊन आले. ज्या बाईनं पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत चाळीस वर्षं विड्या वळल्या तिच्या हातात स्वतःच्या दाराची किल्ली आहे. तिनं मला आधी न्हाणीघर दाखवलं, आणि देवघर नंतर. मग म्हणाली, बस लवकर मिळत नाही, लेकीचं काम शहरात आहे. तुमचं आमचं राहणं असं आहे. भिंती उभ्या राहतात, मग बस, शाळा आणि पाणी यांची वाट बघत बसायचं.

आता घराचं. आई श्रावणात गेली. भाऊ पुण्यात आहे, त्याला घर विकायचं आहे. त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. त्याची मुलं इथं येणार नाहीत, त्याला पैशाची गरज आहे आणि घर दोघांचं आहे. गिऱ्हाईक तयार आहे, भावही बरा आहे. दिवाळीत भाऊ म्हणाला, “ताई, तू कशासाठी थांबलीयस? पाण्यासाठी रात्री उठायला?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. आम्ही दोन महिने नीट बोललो नाही. परवा गड्ड्याच्या निमित्तानं तो आला. आम्ही दोघं नंदीध्वजांची मिरवणूक बघायला उभे होतो, लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून बघायचो तशी. बाराबंदीतल्या त्या गर्दीत कुणीतरी त्याला हाक मारली, “काय बे, कधी आलास?” तिसऱ्या बाकावरचा दोस्त. पस्तीस वर्षांनी भेटला होता. पुढचे दोन तास भाऊ माझ्या हाताला लागला नाही.

त्यानं विचार बदललाय असं नाही. मी एक वर्ष मागून घेतलं आहे, त्यानं दिलं आहे. या वर्षात बाकीचे पैसे उभे राहिले तर त्याचा हिस्सा मी घेईन, नाहीतर घर जाईल. तसं झालं तर मी भाड्यानं का होईना त्याच गल्लीत खोली बघणार आहे, हे मी यजमानांना अजून सांगितलेलं नाही. ते इथंच बसलेत, आता कळलं असेल.

बाहेरून आलेल्यांना एक विनंती. ग्रुपवर ‘सोलापूर काही सुधारणार नाही’ असं लिहिण्याआधी आपल्या आईवडिलांच्या गल्लीत पाणी कुठल्या दिवशी येतं तेवढं विचारा. आणि इथंच राहिलेल्यांना, मोटर जरा उशिरा लावा की.

माझी वेळ संपली. अध्यक्षांची परवानगी असेल तर मी जेवणाला थांबणार नाही. आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस आहे, आणि अक्का लेकीकडं गेल्यात, तेव्हा त्यांचंही पिंप मलाच भरायचं आहे. शेंगापोळी केली आहे असं ऐकलं. माझ्या दोन डब्यात घालून ठेवा, यजमान आणतील.