मत मागणाराला जाब द्यावा लागतो

(गांवच्या वाचनालयांत झालेलें भाषण)



आम्ही पडलों शाळामास्तर. मुलांच्या परीक्षा घेणें हा आमचा नित्याचा धंदा. म्हणून अकराव्या वर्षाच्या परीक्षेंत नापास झालेला, आणि पुढें त्याच प्रांताचा शिक्षणमंत्री झालेला एक मनुष्य आज आपल्यापुढें ठेवतों. त्याचें नांव मार्टिन मॅकगिनेस. मधल्या काळांत त्याच्या हातीं बंदूक होती, हेंही आधींच सांगून टाकतों.

उत्तर आयर्लंडांतील डेरी शहरीं १९५० सालीं त्याचा जन्म झाला. बाप लोखंड ओतण्याच्या कारखान्यांत कामाला. घराणें कॅथलिक, राज्य प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांचें. पंधराव्या वर्षीं शाळा सुटली. मोटारदुरुस्तीचें काम मागावयास गेला, तर कोणत्या शाळेंत शिकलास एवढेंच विचारून त्याला वाटेला लावलें, असें तो सांगत असे. तेथें शाळेच्या नांवावरून पंथ कळे. आपल्याकडे आडनांवावरून जात हुंगतात, तसेंच तें! अखेर तो खाटकाच्या दुकानांत राबूं लागला.

आतां मतांची गोष्ट ऐका. नगरपालिकेच्या निवडणुकींत घर ज्याच्या नांवावर त्याला व त्याच्या बायकोला मत. त्याच घरांतल्या वयांत आलेल्या मुलांना नाहीं. म्हणजे घर देणें हें मत देणेंच झालें. डेरींत कॅथलिक बहुसंख्य. पण वॉर्डांच्या हद्दीच अशा आंखलेल्या कीं, सत्ता दुसऱ्यांचीच राहावी. १९६८ सालीं लोक समान हक्क मागत रस्त्यावर आले, तों पोलिसांनीं त्यांना झोडपलें. १९६९ सालीं मताचा कायदा सुधारला, पण तोंवर मनें फाटलीं होतीं. ३० जानेवारी १९७२ रोजीं फौजेनें डेरींत मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्याच दिवशीं १३ माणसें मेलीं. त्या वेळीं २१ वर्षांचा मॅकगिनेस आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेचा डेरींतला दुय्यम नायक होता.

अन्याय खरा होता. पण म्हणून प्रत्येक बाँब न्यायाचा ठरतो काय? तीस वर्षांत सुमारें ३,५०० माणसें मेलीं. त्यांतलीं जवळजवळ निम्मीं याच संघटनेनें मारलीं. हिंदुस्थानचे अखेरचे व्हाइसरॉय माउंटबॅटन १९७९ सालीं तिच्याच बाँबनें ठार झाले. त्याच होडींतलीं दोन अल्पवयी मुलेंही मेलीं. आपण १९७४ सालींच संघटना सोडली असें मॅकगिनेस म्हणे. पुष्कळांना तें पटलें नाहीं.

१९८२ सालीं तो प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आला, पण जाऊन बसला नाहीं. १९९७ सालीं लंडनच्या पार्लमेंटवर निवडून आला. राणीच्या निष्ठेची शपथ नको म्हणून तेथेंही बसला नाहीं. मग १० एप्रिल १९९८ रोजीं करार झाला : कोणत्याही एका पक्षानें एकट्यानें राज्य करूं नये. उत्तरेंतील मतदारांपैकीं ७१ टक्क्यांनीं त्याला कौल दिला. १९९९ च्या डिसेंबरांत मॅकगिनेस शिक्षणमंत्री झाला. अकराव्या वर्षीं पोरांची निवड करणारी ती परीक्षा बंद करण्याचा निर्णय त्यानें २००२ सालीं जाहीर केला. सरकारी परीक्षा २००८ सालीं शेवटची झाली. पण पुष्कळ वरच्या शाळांनीं आपापल्या परीक्षा सुरू केल्या. हुकूम सुटला कीं उंबरठे पडतातच असें नाहीं!

२००७ सालीं प्रॉटेस्टंटांचे कडवे पाद्री-पुढारी इयन पेस्ली मुख्यमंत्री झाले, आणि हा त्यांच्या बरोबरीच्या अधिकाराचा उपमुख्यमंत्री. २००९ सालीं फुटीर बंदूकवाल्यांनीं दोन सैनिक व एक पोलीस मारला, तेव्हां त्यानें मारेकऱ्यांना आयर्लंडचे द्रोही ठरविलें. २०१२ सालीं त्यानें इंग्लंडच्या राणीशीं हस्तांदोलन केलें. २०१७ सालीं तो वारला.

पण आमच्या मनांत राहिली ती दुसरीच गोष्ट. २०११ सालीं आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीं तो मतें मागत फिरत होता. संघटनेनें ज्याचा सैनिक बाप मारला होता, अशा एका मुलानें त्याला भर लोकांत गांठलें व मारेकऱ्यांचीं नांवें विचारलीं. आपल्याला ठाऊक नाहीं, असें उत्तर मिळालें. मुलाचें समाधान झालें नाहीं; कसें व्हावें? तरी, बंधूंनो, एवढें ध्यानांत घ्या : बंदूकवाल्याची वाट अडवून जाब विचारण्याची कोणाची छाती होत नाहीं; मत मागणाराची वाट कोणीही पोरका अडवूं शकतो. बंदूक सोडून मतांच्या वाटेला लागणें म्हणजे हा जाब रोज डोक्यावर घेणें होय.

म्हणून मत देतांना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा.