“मावशी, मशरूमच्या शिबिराला जाऊ का?”



पावसाळा लागला की पनवेलच्या बाजारात कातकरी बाया पानात बांधलेली अळंबी घेऊन बसायच्या. माझी आई नेहमीच्या ओळखीच्या बाईकडूनच घ्यायची. नवीन कोणी कितीही स्वस्त दिली तरी नाही. म्हणायची, “अळंबी दिसते सारखीच, गुण वेगळा असतो.” आज मी मशरूमविषयीच बोलणार आहे, पण भाजीच्या नव्हे.

माझी भाची इथेच, उलव्यात राहते. २०२१ च्या कोविडच्या लाटेत तिचा नवरा गेला. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. तिने नोकरी सांभाळली, सासूबाईंना सांभाळलं, घराचे हप्ते फेडले. सगळे म्हणायचे, किती खंबीर आहे! रात्री तिला झोप नसायची. दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. थोडा फरक होता, फार नाही.

एका रविवारी ती आली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. डोंगरातला एक बंगला, तीन दिवसांचं शिबिर, योग, ध्यान आणि दुसऱ्या दिवशी ‘मार्गदर्शकाच्या सोबतीने’ मशरूमचा अनुभव. मनाच्या जुन्या जखमा भरून निघतात, असं लिहिलं होतं. “मावशी, जाऊ का?” तिने विचारलं.

मी सव्वीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. पहिल्यांदा तोंडावर आलं होतं, “वेडी आहेस का?” पण ते मी गिळलं. पाच वर्षांत तिने पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं. म्हटलं, “दोन दिवस दे. मी वाचते, विचारते, मग बोलू.”

आता मला जे कळलं ते सांगते.

या मशरूममध्ये सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले माझातेक लोक आजाऱ्यासाठी रात्रभर जागून, प्रार्थना करत ही अळंबी घेत आले आहेत. तिथल्या मारिया साबिना नावाच्या बाईकडे १९५५ मध्ये एक अमेरिकन बँकर गेला. १९५७ मध्ये त्याने त्यावर मासिकात लेख लिहिला आणि गावात परदेशी लोकांची रीघ लागली. पोलीस आले, गावकरी मारियावर चिडले, तिचं घर जाळलं गेलं. बरं करणारी बाई स्वतःच होरपळली.

आता डॉक्टर याकडे पुन्हा गंभीरपणे पाहत आहेत. २०२२ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गोळ्यांनी बरं न झालेले नैराश्याचे २३३ रुग्ण त्यात होते. २५ मिलिग्रॅमचा एकच डोस दिल्यावर तीन आठवड्यांनी शंभरातल्या ३७ जणांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. ज्यांना नाममात्र १ मिलिग्रॅम दिलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण १८ होतं. बारा आठवड्यांपर्यंत फायदा टिकला तो शंभरातल्या २० जणांचा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर बऱ्याच जणांना झाली आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही आले. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानगी मिळालेले मनोविकारतज्ज्ञ ठरावीक रुग्णांना हे औषध देऊ शकतात.

म्हणजे हे सगळं थोतांड आहे, असं मी भाचीला सांगू शकत नव्हते. पण चाचणीत काय काय होतं तेही पाहा. आधी कसून तपासणी. चालू गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद. मोजून बनवलेलं औषध. सहा ते आठ तास प्रशिक्षित माणूस शेजारी. नंतर पुन्हा बसून बोलणं, आठवडेच्या आठवडे लक्ष ठेवणं. मशरूम हा त्या सगळ्यातला एक भाग.

मग मी शिबिराचा फॉर्म उघडला. नाव, वय, शाकाहारी की मांसाहारी, खोली एकटीसाठी की दोघींत. संपला. कोणती औषधं घेता, हा प्रश्नच नव्हता. घरात कुणाला मानसिक आजार आहे का, हाही नाही.

तो न विचारलेला प्रश्न वाचून मी गप्प बसले. कारण त्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि भाचीकडे नव्हतं.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा मामा, बाविसाव्या वर्षी आजारी पडला. रात्र-रात्र झोपायचा नाही, भराभर बोलायचा, आपल्याला देवाने निवडलंय म्हणायचा. ठाण्याच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. निदान झालं बायपोलर. उपचारांनी तो सावरला, पुढे दुकान चालवलं, लग्न केलं. पण तेव्हा आम्ही नातेवाइकांना सांगितलं, नोकरीसाठी नागपूरला गेलाय. मुलांना तर कधीच सांगितलं नाही. घराण्याचं नाव, मुलींची लग्नं, तुम्हाला ठाऊकच आहे.

मैत्रिणींनो, या मशरूमच्या बहुतेक चाचण्यांमध्ये ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया वा बायपोलरसारखा आजार आहे, त्यांना घेतच नाहीत. अशा माणसाचा तोल सुटण्याची भीती असते. बायपोलरवर देतात त्या लिथियमसोबत हे द्रव्य गेलं, तर फिट्स आल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजे फॉर्मने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. या दोन गप्पांच्या मधून माझी भाची त्या बंगल्यात जाणार होती.

मी तिला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती खूप चिडली. “माझ्याच मामाची गोष्ट, आणि मला या वयात कळतेय?” दोन दिवस फोन उचलला नाही. तिचा राग बरोबर होता.

तिसऱ्या दिवशी आली. मग आम्ही दोघींनी बसून बाकीचं पाहिलं. आपल्या देशात सायलोसायबिन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात, मशरूम हे निसर्गात उगवणारं असल्याने त्याला मिश्रण म्हणता येणार नाही, असं म्हटलं. त्याचा आधार घेऊन ‘आता कायदेशीर झालं’ असं सांगणारे आहेत. तो निकाल जप्त मालाचं वजन कसं धरायचं याबद्दलचा होता. शिबिरं भरवायला परवानगी मिळालेली नाही. काही बिघडलं, तर आयोजक रुग्णालयात न्यायलाही कचरतील. तुम्ही तक्रार तरी कुठे करणार?

शिवाय मशरूम खरंच कोणतं, हे कोण ओळखणार? काही विषारी अळंब्या खाल्ल्यावर पहिले काही तास काहीच होत नाही, नंतर यकृत निकामी होतं. आणि त्या सहा तासांत बाई पूर्णपणे दुसऱ्याच्या हवाली असते. कॅनडात एमडीएमए या दुसऱ्या औषधाच्या रीतसर चाचणीतसुद्धा उपचारकांनी रुग्ण बाईशी गैरवर्तन केलं, आणि ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं होतं. बंगल्यात तर कॅमेराही नाही.

भाची गेली नाही. भरलेली आगाऊ रक्कम परत मिळाली नाही, ती मिळायचीही नव्हती. मग ती तिच्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेली आणि मामाबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी झोपेचं, मनःस्थितीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं आणि औषध बदललं. नात्यात बायपोलर असेल तर नैराश्याच्या गोळ्या देताना वेगळा विचार करावा लागतो. आमच्या गप्प राहण्यामुळे दोन वर्षं त्यांनाही अर्धीच माहिती होती. आता ती बरी झाली असं म्हणणार नाही. झोपते थोडी.

एक गोष्ट ती बोलली, ती सांगते आणि थांबते. “मावशी, मला मशरूम नको होतं गं. तीन दिवस कुणीतरी फक्त माझ्याकडे बघणार होतं, ते हवं होतं.” आता शनिवारी संध्याकाळी तिचा मुलगा माझ्याकडे असतो आणि ती समुपदेशकाकडे जाते. परतल्यावर चहा पिताना बोलावंसं वाटलं तर बोलते.

तुमच्या घरात कुणी असा प्रश्न विचारला, तर हसू नका, ओरडू नका. डॉक्टरांना न विचारता चालू गोळ्या मात्र बंद करू देऊ नका. आधी विचारा, कशासाठी जायचंय? आणि घरातला आजार मुलांना सांगा. मधुमेह सांगतो ना, तसाच. बोलायला कुणी नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.